शेठजींच्या पोटाएवढी गल्ली

१३ सप्टेंबर १९४६, शुक्रवार. आमच्या हैदराबाद राज्याच्या सरकारी रिवाजानं आबान महिना, फसली साल १३५५. परतूरच्या धान्य गोदामाच्या अंगणात अठरा बायका ओळीनं बसून ज्वारी चाळत होत्या आणि मी दाभण घेऊन फाटक्या पोत्यांची तोंडं शिवत होते. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवशी ज्वारीनं माझ्या हाताला चटका दिला.

त्याआधी आमचं काम काय होतं ते सांगते. ज्यांच्या घरी धान्य दुकानातून पुडीत येतं त्यांना वाटतं, पोत्यात भरलं की ते गुमान पडून राहतं. तसं नसतं. धान्य श्वास घेतं, त्याला घाम येतो, दमट हवेत ते तापतं, आणि एकदा तापलं की त्यात सोंडेकिडे आणि बुरशी मुक्कामालाच येतात. म्हणून ते पाखडायचं, चाळायचं, उन्हात घालायचं, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरायचं. पोती एकावर एक रचतात त्याला थप्पी म्हणतात. थप्पी रचणं हमालांचं काम, थप्पीची तब्येत राखणं बायकांचं. मी १९२७ साली सूप घेऊन तिथं बसले आणि दहा वर्षांनी बायकांची मुकादमीण झाले. सगळे चंद्राक्का म्हणत. मुनीमजी तेवढे चंद्राबाई म्हणत.

आमच्या गोदामाची खरी ओळख बियाण्याची होती. आमच्याकडे खायची ज्वारी पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. आतून कडब्याचं अस्तर, वरून तोंड लिंपून बंद. पेवातली ज्वारी पुढची चार वर्षं भाकरीला चालते, पण पेरली तर उगवत नाही. बियाणं कोरड्या, वाऱ्याच्या जागी लागतं. म्हणून परतूर आणि मंठ्याच्या बाजूची बावीस गावं आपलं निवडक बियाणं उन्हाळ्यात आमच्याकडे आणून ठेवत आणि हस्ताच्या पेरणीआधी परत नेत. पोत्यामागं एक पायली ज्वारी गोदामाची. कुणाचं पोतं कुठलं हे कळावं म्हणून शिवणीत त्या गावच्या बायका आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी अडकवत. मी काठ पाहून गाव सांगायची. मुनीमजींना हे कधीच जमलं नाही. त्यांना सगळे काठ हिरवे दिसत.

गोदाम थोरल्या शेठजींनी उभं केलं होतं. शेठजी बोलायला गोड आणि अंगानं ऐसपैस. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक थप्पीच्या मधोमध गल्ली सोडायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ, माणूस आडवा होऊन पार जाईल एवढी. दर सोमवारी सकाळी ते स्वतः त्या गल्लीत शिरत, दोन्ही बाजूंच्या पोत्यांना हात लावत पलीकडे निघत. पोट घासलं की आतूनच ओरडत, "थप्पी सरकवा रे!" दरवर्षी शेठजी थोडे रुंद होत आणि त्यांच्याबरोबर गल्लीही. हमाल म्हणत, शेठजी अजून दहा वर्षं असेच जेवले तर गल्लीतून बैलगाडी जाईल.

त्यांच्या मागोमाग मी जायची. सगळ्या थरांना हात लावून बाहेर आले की ओसरीवरून मुनीमजी विचारत, "माल?" मी ओरडायची, "बराबर!" मग दारावरचे चौकीदार, म्हातारे बापूराव, टांगलेल्या पितळी थाळीवर एक टोला देत. टोला वाजला की हमाल, गाडीवान, समोरचा चहावाला, सगळ्यांना कळे की गोदामाचा आठवडा ठीक आहे.

ओसरीवर आणखी एक गृहस्थ असत, गोविंद मास्तर. सरकारी शाळेत उर्दू, म्हणून गावातल्या लोकांनी मराठीची खासगी शाळा चालवली होती, तिचे ते मास्तर. दुपारी आमच्या सावलीला येऊन बसत. त्यांनीच मला तिशीत अक्षरं शिकवली. बदल्यात मी त्यांची ज्वारी निवडून देई. त्यांच्याजवळ एकच धड पुस्तक होतं, इतिहासाचं, त्यामुळे माझं सगळं वाचन राज्यं बुडण्यातच झालं.

"यादव गेले," मास्तर बोट मोडत म्हणत. "बहामनी गेले. निजामशाही गेली. मोगल गेले. चंद्राबाई, जे मोठं होतं ते आतून किडतं. हा नियम आहे."

"किती मोठं झाल्यावर, मास्तर?"

"म्हणजे?"

"किती पोत्यांच्या वर गेलं की किडायला लागतं ते सांगा. आपण तेवढ्यावरच थांबू की."

मास्तर चष्मा पुसत. मला वाटे, कीड म्हणजे चोरी. मोठ्या घरात चोर सापडत नाहीत, म्हणून मोठी घरं बसतात.

मुनीमजींचंही हेच मत. ते काटकुळे, नेमाचे, आणि प्रामाणिक. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. वीस वर्षांत त्यांनी एक दाणा घरी नेला नाही. पण त्यांना आमच्या मुठीचा फार राग. मूठ म्हणजे संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक बाईनं झाडलोटीतली एक मूठ ज्वारी न्यायची, अशी थोरल्या शेठजींच्या वेळची रीत. एकदा नवीन आलेल्या बाईचे हात सुपाएवढे होते. मुनीमजींनी तिची मूठ पाहिली आणि म्हणाले, "ही मूठ नाही, ही पायली आहे!" ती म्हणाली, "मुनीमजी, हात देवानं देल्ते, म्या न्हाई घेतले."

दुसऱ्या एका बाईचा अंबाडा सोमवारी सुपारीएवढा असे आणि शनिवारी नारळाएवढा. मी एकदा शनिवारी तिला थांबवलं.

"केस लई वाढले गं आठ दिवसांत."

"तेल बदललं, आक्का."

"सोड बरं, बघू."

तिनं अंबाडा सोडला. पदराच्या फडक्यात बांधलेली ज्वारी माझ्या पायावर सांडली. दोघी गोळा करत बसलो. ती रडायला लागली, मग हसायला लागली, कारण हुसेनबी शेजारून म्हणाली, "आक्का, इसके सर में ज्वारी उगी तो हुरडा इदरीच खाएंगे." त्या बाईला मी काढलं नाही. पुढे तिचा अंबाडा सुपारीएवढाच राहिला.

ही हुसेनबी म्हणजे आमच्या ओळीतलं सगळ्यांत तीक्ष्ण नाक आणि सगळ्यांत मोठं शरीर. डोळे मिटून वास घेऊन ती सांगायची, ही ज्वारी काळ्या रानातली की मुरमाड. तिच्यासमोर मी मुकादमीण म्हणून मिरवायची तेव्हा मला स्वतःलाच थोडं हसू यायचं.

तर मुनीमजी आणि मी चोरांवर डोळा ठेवून बसलो होतो. त्या अठरा जणींनी वर्षभर मुठी वाढवल्या असत्या तरी गोदामाचा कोपरा रिकामा झाला नसता. गोदाम बिघडत होतं ते दुसरीकडून, आणि बिघडवणारी माणसं आम्हीच होतो. दोघंही प्रामाणिक.

शेठजी वारले. मुलं जालन्याच्या जिनिंगमध्ये गुंतलेली. वर्षातून एकदा येत, चहा पिऊन जात. सोमवारी गल्लीत शिरायचं काम मुनीमजींकडे आलं. त्यांना पोट नव्हतं, म्हणून गल्ली तेवढी रुंद असायची गरज उरली नाही. हमालांनी दोन्ही बाजूंनी वीतभर खाल्ली. पुढच्या वर्षी शेजारचं गोदाम सरकारनं लढाईच्या मालासाठी घेतलं, तिथली चार गावं आमच्याकडे आली. त्यांना नाही कसं म्हणायचं? गल्ली आणखी अरुंद झाली. मग एका पावसाळ्यात भिंतीकडून ओल आली, म्हणून थप्पी भिंतीपासून आत घेतली. तेही बरोबरच होतं. मुनीमजी आत जायचे बंद झाले. त्यांचे गुडघे दुखत. मी जात होते, अंग चोरून. शेवटी मी दोन्ही टोकांनी हात घालून पाहू लागले.

आणि १९४६ च्या वैशाखात किसनराव आला. मंठ्याकडच्या एका गावचा, चिवट, कामाचा माणूस. गावाचं सगळं बियाणं, सत्तावीस पोती, तीन गाड्यांत घालून आणलेलं.

"आक्का, वळवानं रस्त्यात गाठलं. वरून ताडपत्री हुती, माल कोरडा हाय. पन माघारी न्यावं तर घरी पेवाबिगर जागा न्हाई."

"जगा नाही," मुनीमजी ओसरीवरून म्हणाले. "बिलकुल नाही. चारशे पोती झाली."

किसनरावानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मी त्याची वरची दोन पोती हातानं पाहिली. कोरडी होती. खालची पाहिली नाही.

"गल्ली हाय की," मी म्हणाले. "गल्लीत घाला. चार महिन्यांचा तर सवाल हाय."

मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलं. "शेठजी असते तर?"

"शेठजी असते तर माणसाला माघारी धाडलं नसतं."

हे मी फार ठसक्यात म्हणाले होते. मला अजून तो ठसका ऐकू येतो. सत्तावीस पोती गल्लीत गेली. गल्ली संपली. थप्पी एकसंध, देखणी, ठोकळ्यासारखी दिसू लागली. किसनराव मला नमस्कार करून गेला.

त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी मुनीमजींनी ओसरीवरून विचारलं, "माल?" मी दर्शनी रांगेतल्या दोन पोत्यांत परखी घातली, म्हणजे नमुना काढायची ती टोकदार पोकळ सळई, दाणे तळहातावर घेतले, हुंगले आणि ओरडले, "बराबर!" टोला पडला. मोजले तेव्हा असे सोळा सोमवार झाले होते. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी सोळा सोमवार करतात. मी ते असे केले.

आता त्या शुक्रवारी या. हुसेनबी थप्पीमागं ठेवलेली बारीक चाळण आणायला गेली आणि परत येईना.

"काय करून राह्यली गं तिथं?"

"आक्का, यां आ. गुड़ का वास आ रा."

मी गेले. गोडसर, आंबूस वास. गूळ नव्हता तो. हुसेनबीनं दोन पोत्यांमधल्या फटीकडे बोट दाखवलं. मी खांद्यापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत चुलीशेजारच्या भिंतीसारखं गरम होतं.

आम्ही दोघी थप्पीवर चढलो. वरची दोन पोती सरकवून, जिथं गल्ली होती तिथं मी परखी घातली. बाहेर आलेले दाणे मळकट, एकमेकांना चिकटलेले. त्यांतून वाफ निघत होती. चिंधी किसनरावाच्या गावची. दोन्ही बाजूंच्या पोत्यांनाही धग लागली होती.

याचा अर्थ सांगते. रब्बीची ज्वारी पावसाळ्यानं मागं ठेवलेल्या ओलीवर पेरतात. बी उगवलं तर उगवलं. आठ दिवसांनी रान रिकामं दिसलं, तर तोवर वरची ओल उडालेली असते. दुसरी पेरणी नाही. त्या गावाला वर्षभर भाकरी नाही आणि जनावराला कडबा नाही. सोमवारपासून गावांच्या गाड्या बियाणं न्यायला येणार होत्या.

मी मुनीमजींकडे गेले. "थप्पी उघडावी लागती."

"चारशे पोती? कुठे ठेवणार? आणि गाव के लोग देखतील तर काय बोलतील?"

"आत माल तापला हाय."

मुनीमजींनी वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "चंद्राबाई, सोळा सोमवार बराबर कोण बोललं? मी?"

"मी."

"गल्ली कोणी बंद केली?"

"मी."

"मंग?" त्यांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, घाबरले होते. "हे बघा. सत्तावीस पोती बाकीच्यांत मिसळून टाका. सगळीकडे थोडं थोडं कमी उगवेल. लोग म्हणतील, पाऊस कमी झाला. कोणाचं घर बुडणार नाही. हे बाहेर गेलं तर मात्र आपलं गोदाम बुडालं. तुम्ही, मी, तुमच्या अठरा बायका."

मला हे लगेच झिडकारल्याचं लिहायला आवडलं असतं. मी झिडकारलं नाही. मी विचार केला. हिशोब वाईट नव्हता. अंगणात बायकांना सांगितलं तेव्हा अंबाडेवालीच म्हणाली, "मिसळू की, आक्का. अठरा चुली हाईत आपल्या."

मग हुसेनबी म्हणाली, "मेरे मामू का खेत इन गांवां में इच है. उनो पूछे तो क्या बोलूं? बारिश नक्को बोली, बोलूं?"

मी मास्तरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला, देवाशपथ उजळला. "म्हटलं नव्हतं? मोठं झालं की..."

"मास्तर, नियम ऱ्हाऊ द्या. हे ओलं फडकं धरा."

बी जिवंत आहे का हे पाहायची आमची रीत साधी आहे. वीस दाणे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळायचे, ओल मोडू द्यायची नाही, तिसऱ्या दिवशी उघडायचं. आम्ही तीन पुरचुंड्या केल्या. एक दर्शनी रांगेची, एक धग लागलेल्या शेजारच्या पोत्यांची, एक किसनरावाची. मास्तरांनी शाळेतल्या माठाखाली ठेवल्या आणि पोरांना हात लावू दिला नाही.

सोमवारी सकाळी उघडल्या. पहिलीत वीसांतले एकोणीस. दुसरीत बारा. तिसरीत एक कोंब, तोही वाकडा.

मास्तरांनी तो एक कोंब दोनदा मोजला. मी तिन्ही फडकी पदरात घेतली.

गोदामाच्या दारात पंधरा गावांच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं किसनराव, बैल सोडून, तंबाखू मळत. "लवकर आलो, आक्का. म्हनलं गर्दी व्हायच्या आत उचलावं."

ओसरीवरून मुनीमजींचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा उंच. "माल?"

मी थप्पीसमोर उभी होते. अठरा बायका माझ्याकडे पाहत होत्या.

"बराबर न्हाई!"

असं त्या गोदामात कुणी कधी ओरडलं नव्हतं. बापूरावांनी टोल्यासाठी हात उचललाच होता. तो तसाच राहिला. म्हातारा कधी माझ्याकडे, कधी मुनीमजींकडे बघे. "मंग वाजवू का न्हाई?" त्यांनी विचारलं.

आणि कुणालाच सांगता येईना. इतक्या वर्षांत माल बरोबर नसला तर काय वाजवायचं हे ठरवायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. शेवटी बापूरावांनी स्वतःच्या अकलेनं लागोपाठ दोन टोले दिले. समोरचा चहावाला किटली हातात घेऊनच बाहेर धावत आला.

मी किसनरावासमोर तिसरं फडकं उलगडलं. त्यानं वाकडा कोंब पाहिला. तंबाखू हातातच राहिली.

"म्या तुमच्या जिभंवर पोती ठिवली हुती, आक्का."

"ठिवली हुती. सोळा सोमवार ती जीभ खोटं बोलली. आज खरं बोलती."

"आज बोलून काय उगवंल का त्ये?"

त्याचं बरोबर होतं. मुनीमजी ओसरी उतरून खाली आले. मला वाटलं, आता मला जा म्हणतील. ते किसनरावासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गल्ली बंद करायला मी नाही बोललो, हे खरं आहे. पण गुडघे दुखतात म्हणून मी पाच वर्षं आत गेलो नाही. हे पण खरं आहे." मग हमालांकडे वळून, "थप्पी उघडा. जल्दी."

हमाल, गाडीवान, बायका, सगळे लागले. मधली पोती बाहेर आली तेव्हा अंगणभर वाफ. तळाच्या पोत्यांच्या तागातून पांढरे कोंब बाहेर आले होते. "इनको दाढ़ी आ गई," हुसेनबी म्हणाली आणि एवढ्या गोंधळातही दोन-तीन जण हसले. किसनराव हसला नाही.

मग खरी हुज्जत सुरू झाली. किसनरावाला बियाणं द्यायचं कुठून? मी प्रत्येक गावाला एक-दोन पोती मागितली. एक म्हणाला, "आमची ज्वारी त्यांच्या रानात यील का?" दुसरा म्हणाला, "आमची पोती भाईर हुती म्हनून वाचली, त्यात आमचा काय गुन्हा?" एका गावानं आपली सतरा पोती मोजून उचलली आणि मागं न पाहता गेलं. त्यांनाही मी दोष देत नाही. बाकीच्यांनी दुपारपर्यंत भांडून, चहा पिऊन, पुन्हा भांडून एकोणीस पोती काढली. पोत्यांना वेगवेगळ्या गावच्या लुगड्यांचे काठ. किसनराव त्या रंगीत ढिगाकडे पाहून म्हणाला, "आता आमच्या रानात बावीस गावच्या बाया नांदनार म्हना."

आठ पोती कमी पडली ती पडलीच. तेवढ्या रानात त्यांनी करडई पेरली. धग लागलेली पोती ज्यांची होती त्यांनी बी जास्त दाट पेरलं. पुढच्या वर्षी चार गावांनी आमच्याकडे बियाणं ठेवलं नाही. किसनराव मात्र आला. माझ्या शब्दावर पोती टाकून न जाता तो स्वतः थप्पीभोवती फिरला, आणि मला ते फार आवडलं.

मास्तरांचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांनी निजामाचं राज्यच गेलं, तेव्हा ते तरातरा ओसरीवर आले. "पाहिलंत, चंद्राबाई? एवढं मोठं, आणि गेलं. नियम!" मी म्हणाले, "पाहिलं. त्यांचा बापूराव पण हात वर करून उभा ऱ्हायला असंल." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मास्तर लिहून घेतात म्हणजे त्यांना पटलेलं नसतं.

पण मला त्या सोमवारची संध्याकाळच सांगायची आहे. अंगण झाडून झालं होतं. मास्तर उभ्या पोत्याला टेकून म्हणाले, "मग नियम काय काढला तुम्ही?"

"मला नियम न्हाई ठाऊक, मास्तर. गल्ली जितक्या खेपा बुजवली तितक्या खेपा कारण चांगलं हुतं. एवढंच ठाऊक हाय. चोरी करताना मी कुणालाबी पकडलं असतं. चांगल्या कारणाला कसं पकडू?"

मुनीमजी उरलेल्या गावांच्या, नव्यानं रचल्या जाणाऱ्या थप्पीपाशी उभे होते. हमाल विचारत होते, गल्ली किती ठेवायची.

"शेठजींच्या पोटाएवढी," मी म्हणाले.

"शेठजी कुठून आणू?" मुनीमजी म्हणाले.

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांची नजर एकाच जागी गेली.

"कैकू देखते मेरे कू?" हुसेनबी म्हणाली. तरी ती उठली, पदर खोचला आणि दोन थरांमधून आडवी होऊन पलीकडे निघाली. मध्येच अडकली. आतून ओरडली, "थप्पी सरकाओ रे!" तो आवाज ऐकून मुनीमजींनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. धूळ फार होती, असं ते नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गोदामात गेले. मंगळवार होता, विचारायचा दिवस नव्हता, पण मुनीमजी ओसरीवर येऊन बसले होते. बापूराव थाळीखाली उभे, या खेपेला दोन टोल्यांच्या तयारीनं.

"माल?" मुनीमजींनी विचारलं.

"थांबा," मी म्हणाले. "अजून आत गेले न्हाई." हुसेनबीला हाक मारली, तिला पुढं घातलं आणि तिच्या मागोमाग, दोन्ही हात पोत्यांवर ठेवत, गल्लीत शिरले.